आपल्या पश्चात घर, शेत आणि ठेवी : वारसा नियोजन करण्याची आणि ते अद्ययावत ठेवण्याची रीत

वारसा नियोजन म्हटले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार मृत्युपत्राचा येतो. परंतु मृत्युपत्राने माणूस तेवढेच देऊ शकतो, जेवढे कायद्याने त्याचे स्वतःचे असते. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत असे घर सहज सापडते, ज्यात तिसरी पिढी राहत असते, घरकराची पावती आजोबांच्या नावाने येते, सिटी सर्व्हेच्या आखीव पत्रिकेवर (मालमत्तेच्या सरकारी नोंदपत्रावर) पणजोबांचे नाव असते, आणि तरीही वडील ते संपूर्ण घर आपलेच समजून एका मुलाच्या नावे मृत्युपत्र करून ठेवतात. त्या घरात आत्यांचा आणि काकांच्या मुलांचाही हिस्सा असू शकतो, हे त्यांच्या पश्चात नामांतराचा अर्ज गेल्यावर कळते. म्हणून मृत्युपत्राला हात घालण्यापूर्वी मालकीची कागदपत्रे स्वतःच्या हयातीत स्वच्छ करून घेणे, हे या कामातील सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित पाऊल आहे, असे माझे ठाम मत आहे. वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र एका दिवसात होते. कागदपत्रे स्वच्छ करायला कित्येक महिने लागतात, आणि ज्याला त्या मालमत्तेचा इतिहास ठाऊक आहे तोच माणूस ते काम नीट करू शकतो.

आधी यादी, आणि प्रत्येक नोंदीसमोर मालकी

एक साधी वही घ्यावी आणि तीत आपल्या प्रत्येक मालमत्तेला स्वतंत्र पान द्यावे. घर, प्लॉट, शेत, बँकेतील ठेवी, पोस्टातील बचत, विमा, भविष्य निर्वाह निधी, शेअर आणि म्युच्युअल फंड, दागिने, वाहन, कोणाला दिलेले उसने पैसे, आणि त्याच काळजीने आपल्यावरील कर्जे व कोणाला दिलेली हमीसुद्धा. प्रत्येक पानावर तीन गोष्टी लिहाव्यात : ही मालमत्ता कोणत्या कागदाने माझ्याकडे आली, आज सरकारी वा संस्थेच्या दप्तरी कोणाचे नाव आहे, आणि मूळ कागद कुठे ठेवला आहे. पहिल्या दोन उत्तरांत फरक दिसला, की तिथे काम करायचे आहे असे समजावे.

नागपुरात स्थावर मालमत्तेचे प्रकार अनेक आहेत, आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. नागपूर सुधार प्रन्यास या शहरविकास संस्थेचा प्लॉट बहुधा भाडेपट्ट्याचा असतो. तो आपल्याला विकत घेतल्यासारखा वाटत असला तरी लीज डीडमधील अटी, थकलेले भूभाडे आणि प्रन्यासाच्या दप्तरातील नाव हे तिन्ही तपासावे लागते. नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, जमिनीवर घर असेल, तर भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे का आणि नूतनीकरण झाले आहे का, हे पाहावे. खासगी ले-आउटमधील प्लॉट असेल, तर विक्रीपत्राबरोबर अकृषक (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा किंवा गुंठेवारीखालील (मंजुरीविना पाडलेल्या लहान प्लॉटांच्या) नियमितीकरणाचे पत्र, ज्याला सगळे ‘आर. एल. लेटर’ म्हणतात, ते आणि डिमांड नोट (शुल्काचे मागणीपत्र) भरल्याची पावती जपून ठेवावी. ज्यांनी गृहनिर्माण संस्थेकडून किंवा ले-आउट टाकणाऱ्याकडून केवळ करारनामा आणि आममुखत्यारपत्रावर प्लॉट घेतला आहे, त्यांनी तर हा विषय आजच हाती घ्यावा. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ‘सूरज लॅम्प’ प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. लिहून देणारा माणूस हयात आहे तोवर त्याच्याकडून नोंदणीकृत विक्रीपत्र करून घेणे शक्य असते. त्याच्यामागे त्याच्या सर्व वारसांना एकत्र आणून सह्या घेणे हे फार अवघड काम आहे.

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, उमरेड अशा तहसिलींत ज्यांची शेती किंवा संत्र्याची बाग आहे, त्यांनी सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) काढून त्यावरील नावे वाचावीत. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंद झाली आहे का, बहिणींची नावे लागली आहेत का, जमीन भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली, आहे का, विहिरीतील आणि झाडांतील हिस्सा कसा लिहिला आहे, हे सगळे त्यात दिसते. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला देण्याचे बंधन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने घातले आहे, आणि हा अर्ज आता ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. मात्र फेरफार, म्हणजे दप्तरी नाव बदलल्याची नोंद, ही महसुलाची नोंद आहे; केवळ तिच्यामुळे कोणी मालक ठरत नाही किंवा कोणाचा हक्क बुडत नाही. बहिणींना हिस्सा नको असेल, तर तोंडी ‘आम्हांला काही नको’ यावर विसंबू नये. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे, आणि ते त्यांच्यावर दबाव न आणता, त्या काय सोडत आहेत हे त्यांना पूर्ण समजावून करावे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लागू आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 2020 मध्ये सांगितले आहे. ज्या कुटुंबात मुलींचा हिस्सा गृहीत धरून बोलणी होतात, तिथे वाद बराच कमी होतो.

काहीच लिहून ठेवले नाही तर

हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 हा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्यानुसार पुरुष मृत्युपत्राविना गेला, तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम वर्गाच्या वारसांत वाटली जाते : पत्नी, मुलगे, मुली आणि आई, प्रत्येकाला समान हिस्सा. वडील या वर्गात येत नाहीत. समजा, वेस्टर्न कोलफिल्ड्समधून निवृत्त झालेले एक गृहस्थ मानेवाड्याच्या घरात पत्नीसह राहतात, मुलगा पुण्याला आहे, मुलगी अमरावतीला आणि त्यांची वृद्ध आई काटोलला धाकट्या भावाकडे. ते काही न लिहिता गेले तर त्या घरात पत्नीचा हिस्सा एक चतुर्थांश होतो, आणि आईच्या चतुर्थांशात पुढे तिच्या इतर मुलांचाही हक्क निर्माण होतो. आपल्या पत्नीने त्या घरात निर्धास्त राहावे असे त्यांना मनापासून वाटत असेल, तर ते कागदावर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

स्त्रियांच्या बाबतीत नियम वेगळा आहे, आणि तो प्रत्येक कमावत्या स्त्रीने जाणून घ्यावा. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली तर मुले आणि पती यांना मालमत्ता मिळते; परंतु पती आणि मुले दोन्ही नसतील, तर तिने स्वतःच्या नोकरीतून घेतलेला फ्लॅटसुद्धा तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जातो. आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता तेवढी, मुले नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परतते. ज्या निपुत्रिक विधवेला तिच्या म्हाताऱ्या आईचा सांभाळ पुढेही व्हावा असे वाटते, तिने मृत्युपत्र पुढे ढकलू नये.

मुस्लिम कुटुंबांत वारसांची संमती नसल्यास, देणी आणि अंत्यविधीचा खर्च वजा करून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून अधिक भागाची मृत्युपत्राने विल्हेवाट लावता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 लागू आहे. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार अधिनियम सरसकट लागू होत नाही. त्यामुळे गोंड किंवा इतर आदिवासी कुटुंबांनी या विषयाची जाण असलेल्या वकिलाचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा.

नॉमिनी हा मालक नव्हे

बँकेत, सोसायटीत आणि भविष्य निर्वाह निधीत नॉमिनीचे नाव लावले की काम झाले, हा समज अतिशय खोल रुजलेला आहे. नॉमिनी हा सामान्यतः पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो आणि खरा हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रातील लाभार्थींचा राहतो. शेअरच्या बाबतीतही हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात मान्य केले. आयुर्विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील, तर त्यांना लाभार्थी नॉमिनी, म्हणजे रक्कम स्वतःसाठी मिळणारे, मानण्याची तरतूद आहे. पत्नी आणि मुलांसाठी घेतलेली पॉलिसी सावकारांपासूनही सुरक्षित राहावी असे वाटत असेल, तर नवीन पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्री मालमत्ता अधिनियम 1874 खाली ती घेता येते. व्यवसायात कर्जे असणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

तरीही नामनिर्देशन टाळू नये, कारण पहिल्या काही महिन्यांत घरात पैसा येतो तो याच वाटेने. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात, एकाच वेळी ठरावीक टक्केवारीने किंवा एकापाठोपाठ एक. लॉकरसाठी मात्र एकापाठोपाठ एक अशीच. नॉमिनीचे नाव आणि मृत्युपत्रातील नाव शक्यतो एकच ठेवावे, आणि वेगळे ठेवायचे असेल तर त्याचे कारण मृत्युपत्रात एका वाक्यात लिहावे. नोकरीला लागताना आईचे किंवा भावाचे नाव लावून पुढे विसरून गेलेले अनेक जण असतात. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन लग्नानंतर निरर्थक ठरते, त्यामुळे ते नव्याने भरावेच लागते. कोळसा खाणीतील, रेल्वेतील आणि आयुध निर्माणीतील कर्मचाऱ्यांनी निधी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन यांचे अर्ज वेगवेगळे असतात हे ध्यानात ठेवून प्रत्येकाची पोच मागून घ्यावी.

मृत्युपत्र लिहिताना

अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि मनाने सावध असलेली कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, साधा कागद चालतो, भाषा मराठी चालते, आणि माझ्या मते करणाऱ्याला जी भाषा रोजची आहे तीच असावी, कारण पुढे ‘यांना इंग्रजी कळतच नव्हते’ हा आक्षेप त्यामुळे आपोआप मिटतो. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समोर सही करावी, ही मुख्य अट आहे. साक्षीदार लाभार्थी किंवा त्यांचे पती-पत्नी नसावेत. ते आपल्यापेक्षा वयाने लहान आणि सहज सापडतील असे असावेत, कारण वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष न्यायालयात व्हावी लागते.

मालमत्तेचे वर्णन अपुरे राहणे हा दोष फार आढळतो. ‘माझे नागपूरचे घर’ असे लिहून भागत नाही. मौजा (महसुली गाव), खसरा क्रमांक, प. ह. नं. (पटवारी हलका नंबर), प्लॉट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, महानगरपालिकेचा घर क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा हे सर्व विक्रीपत्रावरून जसेच्या तसे उतरवावे. शेताच्या बाबतीत गट क्रमांक, हेक्टर-आर आणि आकारणी लिहावी. मालमत्ता आपल्याकडे कशी आली, तेही लिहावे. वडिलोपार्जित मालमत्तेत आपला जेवढा हिस्सा आहे तेवढाच देता येतो. प्रत्येक लाभार्थीपुढे, तो आपल्या आधी गेला तर कोणाला, हे नमूद करावे, आणि शेवटी उर्वरित तसेच पुढे मिळणाऱ्या मालमत्तेसाठी एक कलम ठेवावे, म्हणजे नंतर घेतलेली मुदत ठेव वाऱ्यावर राहत नाही.

पत्नीविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ‘पत्नीने तहहयात उपभोग घ्यावा व तिच्या पश्चात मालमत्ता मुलाला मिळावी’ हे वाक्य जुन्या मृत्युपत्रांत सर्रास असते. पण हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 14 मुळे अशा मर्यादित हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर झाले की नाही, यावर दीर्घ खटले चालले आहेत. निर्वाहाच्या हक्कापोटी दिलेली मालमत्ता आणि मृत्युपत्राने नव्याने दिलेला मर्यादित हक्क यांत न्यायालये भेद करतात, आणि तो भेद प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर ठरतो. जिने ते घर उभे करायला आयुष्य दिले तिला पूर्ण मालकी द्यावी, हा मार्ग मला सर्वांत न्याय्य आणि सर्वांत सोपा वाटतो. तसे करायचे नसेल, तर त्या कलमाचा मसुदा स्वतः करू नये; वकिलाकडून करून घ्यावा, आणि त्यात घर भाड्याने देण्याचा, दुरुस्तीचा आणि उपचारासाठी ते विकावे लागल्यास काय करायचे याचा स्पष्ट उल्लेख असावा.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांना थेट स्थावर मालमत्ता दिली, तर पुढे ती विकायला पालकाला न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून जोडीदाराला देणे, किंवा रक्कम मोठी असेल तर विश्वस्त नेमून मुलांच्या शिक्षणासाठी ट्रस्ट करणे अधिक सोयीचे ठरते. दोघेही पालक एकदम गेल्यास मुलांना कोणी सांभाळावे, हे त्या व्यक्तीची संमती घेऊन लिहावे. मूल मतिमंद, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सीग्रस्त असेल, तर ते अठरा वर्षांचे झाल्यावर राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खाली कायदेशीर पालक नेमून घ्यावा आणि त्याच्या हिश्शासाठी ट्रस्टच करावा. भाऊ सांभाळेल या भरवशावर सगळे भावाच्या नावे करण्याचा मार्ग चांगल्या मनाने निवडला जातो, परंतु भावाचे कर्ज, त्याचा घटस्फोट किंवा त्याचा अकाली मृत्यू यांपासून त्या मुलाला कोणतेही संरक्षण त्यात राहत नाही.

एखाद्या वारसाला कमी किंवा काहीच द्यायचे नसेल, तर त्याचे नाव घेऊन, कटुता न आणता, कारण लिहावे. जिथे लाभार्थीनेच धावपळ करून मृत्युपत्र घडवले, करणारा अंथरुणाला खिळलेला होता आणि जवळच्या वारसाला विनाकारण वगळले, तिथे न्यायालय संशयास्पद परिस्थिती मानते आणि ती दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकते. म्हणून प्रकृती चांगली असताना मृत्युपत्र करावे, त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे आणि सहीच्या वेळी लाभार्थींना दूर ठेवावे.

नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती करावी, असे मी सांगेन, कारण खर्च अल्प असतो, सहीविषयीचा वाद बराच कमी होतो आणि कागद हरवला तरी नक्कल मिळते. नागपुरातील मालमत्तेसाठी प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) सक्तीचे नाही, मात्र वारसांत एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक नेमावा. तो गावात असणारा, हिशेबाला चोख आणि सर्व मुलांना मान्य असणारा असावा.

हयातीतच देऊन टाकावे का

महाराष्ट्रात पती, पत्नी, मुले, नातवंडे किंवा विधवा सून यांना राहते घर वा शेतजमीन बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार त्याखेरीज लागू शकतात. या सवलतीमुळे अनेक ज्येष्ठ घर मुलाच्या नावे करून मोकळे होतात. राहते घर हयातीत देऊ नये, असे माझे मत आहे. मृत्युपत्र कधीही बदलता येते. बक्षीसपत्र एकतर्फी मागे घेता येत नाही. द्यायचेच असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच लिहावी. तशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाच्या कलम 23 खाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे ते हस्तांतरण रद्द करण्याची मागणी करता येते.

करासाठी घाई करण्याचे कारण नाही. भारतात मृत्युकर 1985 मध्ये रद्द झाला, आणि वारसाने मिळालेल्या मालमत्तेवर उत्पन्नकर लागत नाही. ती पुढे विकली तर मात्र भांडवली नफ्याचा हिशेब मूळ मालकाच्या खरेदी किमतीवरून होतो, म्हणून जुने विक्रीपत्र आणि बांधकामाची बिले फेकू नयेत.

आजारपणाची तजवीजही याच वेळी करावी. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते आणि त्याचे मन सावध न राहिल्यासही ते टिकत नाही, त्यामुळे दैनंदिन खर्चाचे एक खाते जोडीदारासह ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने चालवावे. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम साधनांवर ठेवू नये अशी इच्छा असेल, तर 2018 च्या आणि 2023 मध्ये सोप्या केलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तसे लेखी निर्देश देता येतात.

वेळोवेळी पुन्हा पाहणे

एकदा केलेले नियोजन दरवर्षी एकदा, उदाहरणार्थ आयकर विवरणपत्र भरताना सगळे कागद बाहेर असतात तेव्हा, वाचून पाहावे. लग्न, घटस्फोट, बाळाचा जन्म, लाभार्थी, साक्षीदार किंवा व्यवस्थापकाचा मृत्यू, घराची विक्री, घर पाडून झालेला फ्लॅट, मोठे कर्ज, मुलाचे परदेशी स्थायिक होणे, यांपैकी काहीही घडले तर वर्षाची वाट पाहू नये. घटस्फोटाने जुने मृत्युपत्र किंवा नामनिर्देशन आपोआप रद्द होईल असे समजू नये. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचे आधीचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होते. हिंदूंचे होत नाही. मृत्युपत्रात नमूद केलेला प्लॉट विकला गेला असेल, तर त्या लाभार्थीला त्याऐवजी काहीच मिळत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

जुन्या कागदावर खाडाखोड करून बदल करू नये, कारण मृत्युपत्राप्रमाणेच सही आणि साक्षी झाल्याशिवाय तो बदल ग्राह्य होत नाही. किरकोळ दुरुस्तीसाठी पुरवणीपत्र करता येते, परंतु एकाहून अधिक पुरवण्या झाल्या की अर्थाचा गोंधळ होतो. त्यापेक्षा नवे मृत्युपत्र करावे, त्यात आधीच्या मृत्युपत्राची तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहून ते रद्द केल्याचे स्पष्ट म्हणावे, आणि आधीचे नोंदवले असेल तर नवेही नोंदवावे. मूळ प्रत अशा लॉकरमध्ये ठेवू नये, जो केवळ आपल्याच सहीने उघडतो. ती घरातील ठरलेल्या जागी ठेवून व्यवस्थापकाला सांगून ठेवावी, आणि मालमत्तेच्या वहीच्या पहिल्या पानावर मृत्युपत्राची तारीख, साक्षीदारांचे पत्ते, बँकांची नावे, फोन आणि ई-मेल उघडण्याची व्यवस्था, तसेच मृत्यूनंतर कोणत्या कार्यालयात नाव बदलायचे त्याची यादी लिहावी : महानगरपालिकेचा कर विभाग, नगर भूमापन कार्यालय, सुधार प्रन्यास, महावितरण, आणि शेत असेल तर तलाठी. मृत्यू प्रमाणपत्राच्या अनेक प्रती सुरुवातीलाच काढून घ्याव्यात, ही सूचनाही त्याच पानावर असू द्यावी.